कढईत आहे, वाटीत नाही: बाळाचं अंडं, मासळी, मटण, दूध – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनकाटा, उंची मोजायची फळी आणि पिशवीत एक स्टीलची वाटी घेऊन मी बरीच वर्षं नागपुरातल्या वस्त्यांमधून फिरते. काम लहान मुलांच्या आहाराचं. पारडी, नंदनवन, पाचपावली, तांडापेठ, ताजबाग, मधूनच उमरेड-कुहीकडची गावं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांच्या आया, आज्या आणि क्वचित बाप जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. ज्याचं जिथे अडलं असेल त्यानं तिथून वाचावं. बाळ फार कमी वजनाचं, वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

“अंडं-मटण द्या” म्हणता, त्यात दूध धरायचं की नाही?

धरायचं, पण वेगळ्या खात्यात. प्राण्यांपासून मिळणारं अन्न म्हणजे दूध, दही, पनीर, अंडी, मासे, कोंबडी, मटण, कलेजी. यातलं दूध बहुतेक घरांत या ना त्या रूपात बाळापर्यंत जातं. गाडी अडते ती अंड्या-मांसापाशी. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ बाळांचा आहार मोजताना ‘काल अंडं किंवा मांस-मासळी खाल्ली का’ हे दुधापासून वेगळं काढून विचारतात. संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक सूचना तर ६ ते २३ महिन्यांच्या बाळाला अंडं, मासे किंवा मांस रोज मिळावं असं सांगते. रोज! आमच्या वस्त्यांमध्ये ज्या घरी रविवारी मटण शिजतं, तिथेही बाळाला रविवारी मिळत नाही. का मिळत नाही, त्याचीच उत्तरं पुढे जास्त आहेत.

आम्ही वरण-भातावर वाढलो ना! एवढ्याशा लेकराले मटण कायले पाहिजे?

पोट लहान आणि गरज मोठी म्हणून. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, आणि एका वेळी पोटात मावतं जेमतेम अर्धी-पाऊण वाटी. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. (दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजायचंच, पण लोहाची भरपाई त्यातून होत नाही.) वरच्या अन्नात वरणाच्या पाण्यात कालवलेला भातच जात असेल, तर पोट भरतं आणि बाळ शांत झोपतं, त्यामुळे काही कमी पडतंय असं कोणाला वाटत नाही. डाळ-पालकातलं लोह शरीर थोडंच उचलतं, मांसातलं बरंच जास्त. शिवाय घासात मांस असलं की सोबतच्या डाळ-भातातलं लोहही चांगलं शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्व तर डाळी-भाज्यांत नसतंच.

आणि ‘आम्ही वाढलो’ याबद्दल: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. रक्तक्षयाला कारणं अनेक आहेत, सगळी ताटातली नाहीत. पण दहातली सात मुलं फिकी असताना ‘आम्हाला काय झालं’ हे मला पटत नाही.

आमच्याकडे दर रविवारी मटण होते. मग बाळाला मिळत नाही असं कसं म्हणता?

या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसले.

रविवारी सकाळी अर्धा किलो मटण येतं. दुपारी एकला शिजून तयार होतं, काळ्या मसाल्यात, वर तेलाचा तवंग. सावजी घर असो की नसो, नागपुरात रविवारचा रस्सा नाकातून पाणी काढणाराच लागतो. त्या वेळी बाळ एक तर झोपलेलं असतं, किंवा सकाळीच वरण-भात खाऊन बसलेलं. आधी पुरुषांची पंगत, मग मोठी मुलं, पाहुणा असला तर त्याला नळी. बाया शेवटी बसतात तेव्हा कढईत रस्सा आणि दोन हाडं. बाळ उठतं, आजी म्हणते, “त्याच्या भातावर थोडा रस्सा घाल, वास लागू दे.” आई रस्सा घालते, बाळ भोकाड पसरतं, ती घास पाण्यात धुऊन देते. संध्याकाळी मी विचारलं की उत्तर मिळतं, “हो, मटण खाल्लं न आज त्यानं!”

यात कोणी वाईट नाही. घर मांसाहारी आहे, पैसे खर्च झालेत, बाळ लाडकं आहे. तरी बोटभर मांस त्याच्या पोटात गेलेलं नाही. फक्त पैसा किंवा धर्म बघितला तर हे घर कागदावर ‘अडचण नाही’ या रकान्यात जातं. प्रत्यक्षात कढईपासून वाटीपर्यंतच्या दोन हातांच्या अंतरात सगळं सांडतं: तिखट किती, वाढतं कोण, कोणाआधी कोण बसतं, बाळाची वेळ कोण धरतं.

उपाय मात्र सोपा आहे. मटण आधी नुसतं हळद-मीठ घालून बिनतिखट शिजवतातच. मसाल्यात जायच्या आधी त्यातले दोन मऊ तुकडे काढून वाटीत झाकून ठेवा. पुरुषांची पंगत बसायच्या आधी, फोडणीच्याही आधी. ही वाटी बाळाची, तिला कोणी हात लावायचा नाही. ज्या घरांनी एवढं एकच केलं, तिथे वेगळा स्वयंपाकही लागला नाही की वेगळा खर्चही.

नुसतं सूप पाजलं तर? पायाचं सूप ताकदीचं असते म्हणतात.

सूप चविष्ट असतं आणि पोटाला ऊब देतं. पण वाटीभर पातळ सुपात मुख्यतः पाणी, मीठ, थोडी चरबी आणि हाडातला चिकट अंश असतो. लोह आणि चांगलं प्रथिन तुकड्यातच राहतं. लोक सूप बाळाला देतात आणि तुकडा स्वतः खातात, म्हणजे ऐवज आपल्याकडे आणि पिशवी बाळाकडे. वर पाणचट सुपानं बाळाचं पोट भरतं आणि पुढचा घट्ट घास ते नाकारतं.

सुपाची आवड असेल तर तुकडाच त्यात कुस्करा. चमचा तिरका केल्यावर ओघळून जाणार नाही इतकं घट्ट असावं. हाच नियम वरणाच्या पाण्याला.

दात नाहीत, गिळणार कसं? अडकलं तर?

भीती रास्त आहे, म्हणून आकार सांभाळायचा. बाळ हिरड्यांनी मऊ पदार्थ चांगले दाबतं, दातांची वाट पाहायचं कारण नाही.

सहा ते आठ महिने: शिजलेला चिकन किंवा मटणाचा तुकडा पाट्यावर, खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात वाटायचा, मऊ भात-वरणात मिसळायचा. अंडं पूर्ण उकडून चमच्यानं चेपायचं, वरून आईचं दूध किंवा वरण. नऊ महिन्यांनंतर हातानं तोडलेले बारीक धागे, शिजवलेला खिमा. वर्षानंतर घरातलंच, तिखट टाकायच्या आधी काढलेलं. हाड, काटा, चामडीचा तुकडा, रबरासारखी चिवट फोड अजिबात नको. बाळ बसलेलं असावं, पडलेलं नको. हसताना-रडताना घास नको.

खिमा करून द्या म्हटलं की दुकानदार ‘एवढ्या कमीचा होत नाही’ म्हणतो, हा अनुभव सगळ्यांचा. मग चिकन सेंटरवरून अर्धा पाव कलेजी घ्या. कोंबडीची कलेजी मटणापेक्षा कितीतरी स्वस्त, लोहानं भरलेली, आणि शिजल्यावर बोटानं चेपते. फक्त अ जीवनसत्त्व तिच्यात खूप असल्यामुळे आठवड्यातून एकदा, एक-दोन चमचे, त्याहून जास्त नको.

“पोट्ट्याले अंडं देऊन राहिली का तू? एवढ्या गर्मीत? उष्ण पडते न!”

एप्रिल उजाडला की हा प्रश्न येतो, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत त्याचा हुकूम झालेला असतो. घामोळ्या, ताप, तोंड येणं, जुलाब, सगळं अंड्याच्या माथी.

अंड्यानं शरीर तापत नाही. पण आजी अगदीच चुकीचं पाहत नाही, हेही मान्य करायला हवं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुकानाबाहेर ट्रेमध्ये दिवसभर राहिलेलं अंडं किंवा सकाळी शिजवून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलेलं मटण बाळाला बाधतंच. तिनं जुलाब पाहिले आणि दोष अंड्याच्या ‘उष्णते’ला दिला, उन्हात राहिलेल्या अन्नाला दिला नाही. म्हणून उन्हाळ्यात पद्धत बदला: अंडी सावलीतल्या, खप असलेल्या दुकानातून दोन-तीनच आणा, फ्रीज असेल तर त्यात ठेवा, उकडलं की लगेच भरवा, उरलेलं मोठ्यांनी संपवा. बाळाला मधून मधून पाणी आणि आईचं दूध जास्त वेळा. अंडं बंद करायची गरज नाही.

सासूबाई नको म्हणतात. मी काय करू?

आधी एक मान्य करू: वरचं अन्न काय आणि कधी, हे बऱ्याच घरांत आई ठरवत नाही. उष्टावण आजी करते, बाजारातून पुरुष आणतो, आणि बाळ रडलं की दोष सुनेला. आरोग्य कार्यक्रमांतले आपण मात्र सगळे फलक ‘मातांनो’ म्हणून लिहितो. (मीही लिहिलेत.)

तांडापेठेतल्या एका घरी मी तीन वेळा जाऊन सुनेला समजावलं. चौथ्या वेळी ती पाणी भरायला गेली होती, म्हणून मी सासूपाशीच बसले. त्यांनी हातमागाच्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या, पोरांना काय खाऊ घातलं तेही. बोलता बोलता म्हणाल्या, “माह्या मोठ्याले मी कलेजी चघळून भरवत होती, दात नव्हते तरी. आता हे पोट्टी म्हणते डॉक्टरनं सांगितलं, तं मले वाटे नवीनच काही काढलं.” म्हणजे त्यांचा विरोध कलेजीला नव्हताच. आपल्याला न विचारता ठरवलं, याला होता. त्या दिवशी त्यांनीच कलेजी शिजवली. (चघळून मात्र देऊ नका, आपल्या तोंडातले जंतू बाळाला जातात. चमच्यानं चेपा.)

सगळ्या घरांत इतकं सोपं होत नाही. तरी आजीला आधी विचारा, तिच्या वेळी काय भरवायच्या ते. आशाताई सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात घरी येतात, तेव्हा सासू आणि नवरा दोघं घरात असतील अशी वेळ सांगून ठेवा. वजनाचा आलेख आजीच्या हातात द्या. आपण बोलण्यापेक्षा खाली झुकलेली रेष जास्त बोलते, निदान माझा तरी असा अनुभव आहे.

सोमवार, गुरुवार, शनिवार, वर श्रावण. मग द्यायचं कधी?

एकदा बसून मोजलं होतं. आठवड्यातले तीन वार म्हणजे वर्षातले १५६ दिवस. त्यात श्रावणातले उरलेले वार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, गणपती-महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र मिळवा. निम्म्याहून जास्त वर्ष गेलं. चातुर्मास पाळणाऱ्यांचं तर विचारूच नका. ज्या काळाबद्दल आपण बोलतोय तो सगळा मिळून दीड वर्षाचा. आषाढात सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आखाडीला (श्रावण लागायच्या आधीच्या मटणाच्या जेवणाला) कोणी चव देत नाही, कारण ‘अजून लहान’. मग पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, उजाडेपर्यंत घरात काही शिजत नाही. तोवर बाळ आठ महिन्यांचं होतं.

व्रत सोडा असं मी कधीच म्हणत नाही, म्हणायचा अधिकारही नाही. मी एवढंच विचारते: उपास तुमचा आहे, बाळाचा आहे का? उपासाला आपण बाळाला जेवू घालतोच, साबुदाण्यावर ठेवत नाही. पुष्कळ आज्या यावर हसतात आणि म्हणतात, “लेकराले काय लागते, ते देवच आहे.” काही घरांत अंड्याचं भांडं वेगळं ठेवून, मागच्या अंगणातल्या चुलीवर किंवा छोट्या शेगडीवर उकडतात, देव्हाऱ्यापासून लांब. चालेल की. जिथे तेही चालत नाही तिथे त्या दिवसांत दही, पनीर, दाट डाळ आणि लिंबू, आणि बाकीच्या दिवसांत आठवणीनं अंडं.

आमचं घर शुद्ध शाकाहारी आहे. हे फक्त बाहेर खातात.

नागपुरात असली घरं मी किती पाहिली याची गणती नाही. नवरा मित्रांसोबत शनिवारी सावजी भोजनालयात, ऑफिससमोर ऑम्लेटच्या ठेल्यावर, आणि घरी आल्यावर तुळशीला नमस्कार. त्याचं तो जाणे. पण ‘घरात चालत नाही, बाहेर चालते’ या सोयीत बाळ सापडतं, कारण त्याला बाहेर जाता येत नाही. बाई आणि बाळ घरात, म्हणजे दोघंही न खाणाऱ्यांत. आई स्वतः जे खात नाही, हाताळत नाही, ज्याचा तिला वास सहन होत नाही, ते ती बाळाला भरवणं अवघडच. अशा नवऱ्याला मी सरळ सांगते: तुम्ही खाता न, मग बाळाचं अंडं तुम्ही उकडा, तुम्ही भरवा. दोघा-तिघांनी खरंच केलं.

जे घर मनापासून शाकाहारी आहे, तिथे कोणावर अंडं लादायचं नाही. मात्र मग काम जास्त लक्ष देऊन करावं लागतं. रोज दूध किंवा दही, पनीर, दाट वरण, मोड आलेली मूग-मटकी शिजवून कुस्करून, भाजीत बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), वरून लिंबू पिळलेलं. चहा बाळाला अजिबात नाही, तो लोह अडवतो. आईनं स्वतःचं बी-१२ तपासून घ्यावं. आईमध्ये ते कमी असलं तर दुधातही कमी उतरतं, आणि नुसत्या आईच्या दुधावर राहिलेली अशी काही बाळं सुस्त होतात, शिकलेलं विसरतात, हातपाय थरथरायला लागतात. वेळेत ओळखलं तर औषध आहे. आणि सरकारी लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. हे शाकाहारी-मांसाहारी सगळ्यांनाच. आशाताईंकडे मागा.

घरमालक अंडंही शिजवू देत नाही.

आहार सल्लागाराकडे याचं उत्तर नसतं, तरी हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. ‘फक्त शाकाहारी कुटुंबाला’ ही पाटी आपल्या शहरात नवी नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणारं, स्वतःच्या घरी पिढ्यान्पिढ्या मांस खाणारं कुटुंब वासाच्या धाकानं दोन वर्षं अंडं उकडत नाही. सर्वेक्षणात हे ‘आवडीनुसार’ म्हणून नोंदलं जात असेल. एक आई रोज दुपारी बाळाला बहिणीकडे न्यायची, तिथे अंडं भरवून आणायची. दुसरी ठेल्यावरून उकडलेलं आणायची. उकडलेल्या अंड्याला वास येतो तो सोलल्यावर, उकडताना फार नाही, एवढी एक माहिती देऊन ठेवते.

परवडते कोणाला?

मटण खरंच परवडत नाही. एक अंडं सात-आठ रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम प्रथिन. बिस्किटाचा पुडा पाच-दहा रुपयांचा, त्यात मैदा, साखर आणि तेल. वस्तीत बाळाच्या हातात पुडा रोज दिसतो. तरी ‘अंडं पुड्याच्या भावात येतं’ असं सांगून मी मोकळी होत नाही. पुडा मोठ्या भावंडालाही अर्धा देता येतो, तो नासत नाही, शिजवायला गॅस लागत नाही, बाळ स्वतः धरून खातं आणि आईला धुणं-भांड्याच्या कामावर जाता येतं. अंड्याला भांडं, पाणी, गॅस आणि भरवायला वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं तिच्याकडे नाहीत. शिवाय घरात चार मुलं असली की एकालाच अंडं देणं आईच्या जिवावर येतं.

ज्यांना परवडत नव्हतं त्यांचं आणखी एक साधन गेलं, तेही इथेच नोंदवते. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढला. त्याआधी काही गरीब घरांत तेच सर्वांत स्वस्त मांस होतं. कायद्याबद्दल कोणाचं काय मत असायचं ते असो, स्वस्त मांस ताटातून गेल्यावर त्याच्या जागी मटण आलं नाही, बटाटा आला.

गावाकडे कोंबड्या आहेत. मग तर काही प्रश्न नाही?

असावा असं वाटतं. पण गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्याहून चांगला भाव मिळतो, त्यामुळे ते विकलं जातं, किंवा खुडूक कोंबडीखाली बसवलं जातं. मीठ-तेल-साबण त्या पैशांतून येतं. त्यात चूक काही नाही, गावरान विकून पोल्ट्रीची दोन आणली तर बाळाला तेच पोषण मिळतं. दोन्हींत फरक चवीचा, ताकदीचा जवळजवळ नाही. आठवड्यातली चार अंडी ‘बाळाची’ म्हणून बाजूला काढायची सवय लागली की पुरे.

दुसरी बाजू: कोंबड्या घरातच फिरत असतील आणि बाळ त्याच जमिनीवर रांगत असेल, तर विष्ठेतले जंतू हातातून तोंडात जातात. रात्री खुराड्यात, दिवसा बाळाच्या जागेपासून लांब.

मासे कधीपासून? काट्यांची भीती वाटते.

सहा महिन्यांपासून चालतात. आपण समुद्रापासून लांब, पण विदर्भात गोड्या पाण्याची मासळी कमी नाही. भंडारा-गोंदियाचे तलाव, पेंच, गोसीखुर्द, आणि शहरात भोईपुऱ्याचा बाजार. रोहू-कतला मोठा घ्यावा आणि पोटाकडची मोठी फोड मागावी, शेपटीकडे बारीक काटे फार. मरळीला काटे कमी, पण ती महाग. वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून, मगच भातात. खारवलेली सुकी मासळी बाळाला नको, मीठ फार असतं.

मासे आणि दूध एकत्र दिल्यानं कोड होतं का? नाही. अंड्यानं जीभ जड होऊन बाळ उशिरा बोलतं का? तेही नाही.

दूध किती द्यायचं? आमचा तर दिवसभर बाटलीवरच असतो.

तेच तर दुखणं. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको, खिरीत, दह्यात थोडं चालतं. वर्षानंतर दिवसाला सुमारे अर्धा लिटरपर्यंत. त्यापुढे गेलं की बाळ जेवत नाही आणि दुधात लोह नसल्यासारखंच. गुटगुटीत पण फिकं बाळ दिसलं की मी पहिला प्रश्न बाटलीचा विचारते. पाणी घालून पातळ केलेलं दूध आणि चहातली पोळी, ही दुधाच्या नावाखाली चाललेली फसवणूक आहे.

बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की काय करायचं?

नागपूरकरांना हे चांगलं आठवत असेल. २०२४ च्या डिसेंबरअखेर गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, बर्ड फ्लूचं निदान झालं. आठवडाभर वस्तीतलं अंडं बंद. वाघ कच्चं खातो, आपलं बाळ शिजवलेलं. आतपर्यंत ७० अंशांना शिजलं की हा विषाणू मरतो, म्हणजे पूर्ण उकडलेलं अंडं आणि गुलाबी न राहिलेलं मांस सुरक्षित. साथ असेल तर कच्ची कोंबडी हाताळल्यावर साबणानं हात धुवा आणि बाळाला जिवंत पक्ष्यांपासून लांब ठेवा. हाफ-बॉइल किंवा दुधात फेटलेलं कच्चं अंडं साथ नसतानाही बाळाला नको.

अंड्याची ॲलर्जी झाली तर?

काही बाळांना होते. पहिल्यांदा सकाळी, पाव चमचा पूर्ण उकडलेलं अंडं द्या, पांढरं-पिवळं दोन्ही. काही मिनिटांपासून दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, सारख्या उलट्या झाल्या तर थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. काही झालं नाही तर हळूहळू वाढवत एक अंड्यापर्यंत. ‘ॲलर्जी नको म्हणून वर्षानंतरच देऊ’ हा जुना सल्ला आता दिला जात नाही. आणि ॲलर्जी असली तरी गोवर-रुबेलाची लस देता येते, ती चुकवू नका.

अंगणवाडीत अंडं मिळते का?

आदिवासी भागात मिळतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना केळी. गडचिरोली, मेळघाटातल्या अंगणवाड्यांत ते दिसेल. शहरात तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा पाकीटबंद आहार मिळतो, त्यात अंडं नसतं. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचे वेगळे पैसे देणं थांबवलं. तुमच्या दीड वर्षाच्या बाळाशी त्याचा थेट संबंध नाही, पण मोठ्या भावंडाचं अंडं शाळेत बंद झालं की धाकट्याच्या वाटीतलं अर्धं त्याच्याकडे जातं.

रोज अंडं दिलं तर उंची वाढेल न?

हमी देत नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं आणि खुंटलेल्या उंचीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी झालं. हा अभ्यास २०१७ मध्ये आला. मग तसाच प्रयोग मलावीत झाला आणि २०१९ मध्ये आलेल्या निकालात उंचीत फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासूनच मासे खात होती, हे एक कारण सांगितलं जातं. आपल्या वस्तीतली बाळं मासे खात नाहीत, म्हणून मला इक्वेडोरची आशा जास्त वाटते. ही माझी समजूत, सिद्धता नव्हे. लोहासाठी तर अंडं एकटं पुरतच नाही, त्यातलं लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून मधूनमधून मांस किंवा कलेजी, आणि सिरप.

सगळं केलं. पण ते थुंकून टाकते.

आठ-दहा वेळा टाकेल. नव्या चवीला बाळ जिभेनं बाहेर ढकलतं, त्यात ‘आवडत नाही’ असं काही नसतं. दोन चमचे द्या, नको म्हणालं की थांबा, दोन दिवसांनी पुन्हा. नाक दाबून, मोबाइल दाखवून, मांडीत आवळून भरवू नका. ओळखीच्या मऊ भातात मिसळा, मीठ-साखर वाढवू नका. आणि आईनं त्याच वेळी समोर बसून स्वतःही खावं. बाळ आईच्या तोंडाकडे बघत असतं. पारडीतली एक आई मला म्हणाली, “त्याच्यासंगं खायला लागली तं मले बी रोज अंडं मिळून राहिलं, बाई.”